मनोंग म्हणजे थोरला भाऊ

कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा द्राक्षसंप, म्हणजे द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप, मजूरनेते सीझर चावेझ यांनी सुरू केला असं कुणी कुणी म्हणतं. थोडी भर घालते. ८ सप्टेंबर १९६५ ला आधी काम थांबवलं ते मजूरनेते लॅरी इटलिआँग यांच्यासोबतच्या फिलिपिनो मजुरांनी. चावेझ यांची संघटना आठवड्याभराने येऊन मिळाली. त्या फिलिपिनो मजुरांतले कितीतरी जण उतारवयातले, एकटे. कॅलिफोर्नियात गोऱ्या बाईशी लग्नाला १९४८ पर्यंत कायद्याची आडकाठी, आणि फिलिपिनो बायका तिथे फारच थोड्या. त्यामुळे अनेकांच्या आठवणी सांगायला नातवंडं नाहीत, पुतण्या-भाच्यांची पोरं आहेत. कॅलिफोर्नियातल्याच स्टॉक्टनला माझ्या शेजारणीकडे तिच्या चुलत आजोबांचा फोटो आहे. कडक इस्त्रीचा सूट, चापून बसवलेले केस. बोटं मात्र अ‍ॅस्परॅगस ही भाजी कापून कापून वाकडी झालेली. शेतावर सगळे त्यांना 'मनोंग' म्हणत, आपल्या 'दादा'सारखं.