शाळेतला 'शांत तास' दहा शाळांतून पन्नास शाळांत न्यायचा? आधी शाळा वाढवायच्या की ऐकणारी माणसं?

सीमाभाग_शिक्षण

चर्चेसाठी एक मांडणी करतोय. समजा, बेळगाव ग्रामीण आणि खानापूर तालुक्यातल्या दहा मराठी शाळांत 'शांत तास' हा मनःस्वास्थ्याचा कार्यक्रम नीट बसलाय. रोज प्रार्थनेनंतर पाच मिनिटं श्वासाचा सराव, आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटांचा गप्पांचा तास आणि मुलांनी मनातलं चिठ्ठीवर लिहून टाकायला व्हरांड्यात एक पत्रपेटी. पुढच्या वर्षी तो निपाणी-चिक्कोडी धरून पन्नास शाळांत न्यायचा का?

माझं मत, न्यावा, आणि एकाच वर्षात न्यावा. पाया तयार आहे. केंद्राच्या २०२० च्या शाळा आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक, एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून नेमायचे आहेत. त्यातल्या ११ विषयांत भावनिक आरोग्य आहे, व्यसनापासून बचाव आहे, इंटरनेटचा सुरक्षित वापरही आहे. म्हणजे नवीन पद मागायला नको, नवीन तास मागायला नको.

शाळा मात्र विखुरलेल्या निवडू नयेत. एका क्लस्टरमधल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या घ्याव्यात, म्हणजे शिक्षक मासिक बैठकीत एकमेकांना भेटतात आणि अडलेलं तिथंच सुटतं. इकडं एक, तिकडं एक अशी शाळा घेतली की तिथला शिक्षक एकटा पडतो आणि दिवाळीपर्यंत तास बंद होतो. कुणाला हे घाईचं वाटत असेल तर का ते लिहा.

मलप्रभाकाठ

घाईचंच आहे. "दोन शिक्षक आहेत, मग काम होईल" हे गृहीतकच तपासलं गेलंय आणि ते टिकलेलं नाही. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या ७० हून जास्त माध्यमिक शाळांत सेहेर नावाचा प्रयोग झाला. त्याचे निकाल २०१८ साली आले. काही शाळांत तोच कार्यक्रम प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्तीनं चालवला, काहींत शाळेच्याच शिक्षकानं. पहिल्या गटात शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि मारामारी कमी झाली, नैराश्याची लक्षणं उतरली. शिक्षकानं चालवलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. साहित्य तेच होतं, वेगळा होता तो चालवणारा.

कारण समजायला अवघड नाही. ज्या सरांनी सकाळी गृहपाठ नाही म्हणून उभं केलं, त्यांच्याकडं दुपारी मन मोकळं करायला पोर जात नाही. म्हणून माझा हट्ट, शाळा किती हे नंतर ठरवा, बाहेरून येणारी माणसं किती ते आधी मोजा.

हिशोब मांडतो. एक मार्गदर्शक आठवड्यात तीन दिवस फिरला आणि दिवसाला दोन शाळा केल्या तर महिन्याला २४ भेटी होतात. नव्या शाळेला पहिल्या सत्रात महिन्याला दोन भेटी तरी हव्यात, पेटी दोन्ही भेटींत उघडायची, एका भेटीत वर्गही बघायचा. म्हणजे एका माणसाला १२ शाळा, त्याहून जास्त नाही. जांबोटी-कणकुंबीकडं एस्टीच्या वेळा बघता दिवसाला एकच शाळा होते, तिथं सहाच धरा. तुमच्या ४० नव्या शाळांना चार माणसं लागतात. ती आहेत काय?

निपाणी_हायस्कूल

मी तर म्हणतो पन्नासही नको आणि बारापण नको. आधी शिक्षकाच्या डोक्यावरचं उतरवा. दोन शिक्षकांची शाळा आणि पाच वर्ग, त्यात अंडी-केळीचा हिशोब, दुधाचा हिशोब, ऑनलाइन नोंदी, वर सर्व्हे आणि निवडणुकीचं काम. त्यात अजून एक रजिस्टर आलं की तास वहीत होतंय, वर्गात होत नाही. हे शिक्षकाचं कामचुकारपण नव्हे, दिवसाचे तास तेवढेच असतात.

दुसरं, निपाणी भागात कितीतरी घरात आई विड्या वळते आणि शाळेतनं आलेली पोरगी सूप मांडीवर घेऊन बसते. ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की हजेरी पडते. त्या पोरीला "श्वासाकडं लक्ष दे" म्हणून सांगायचं? तिला झोप पाहिजे आणि पोटाला पाहिजे. घरच्या अडचणीवर डोळे मिटून बसणं हे औषध म्हणून देऊ नका.

सीमाभाग_शिक्षण

निपाणी_हायस्कूल, रजिस्टरचं पटलं. वेगळी वही नकोच, दैनंदिन टाचणवहीत एक ओळ पुरे: तास झाला की नाही, किती मिनिटं. पण त्या पोरीला शाळेत कुणी "आज झोप झाली नाही काय गं" एवढं विचारणारं असलं तर तेही नको काय? गप्पांचा तास त्यासाठीच आहे. हजेरी का पडतेय हे तिथंच पहिल्यांदा कानावर येतं.

मलप्रभाकाठ, चार माणसं आज नाहीत. निवृत्त शिक्षक, समाजकार्याचं शिक्षण घेतलेली मुलं-मुली, हुशार आशा कार्यकर्त्या यांतून तयार करता येतील असं वाटतं.

समुपदेशन_वडगाव

तयार करता येतील, पण दोन दिवसांच्या शिबिरात नाही. दोन दिवस शिकवणं, मग तीन वर्ग दुसऱ्याचे बघणं, तीन वर्ग स्वतः घेऊन कुणीतरी बघणं, एवढं झाल्याशिवाय एकट्याला पाठवू नये. आणि आशांना आधीच किती कामं आहेत ते बघा.

आता श्वासाच्या पाच मिनिटांबद्दल लिहिते, कारण शाळा वाढल्या की सगळ्यात आधी तेच बिघडतं. एकाकडून दुसऱ्याकडं जाताना "नाकानं हळू आत, त्याहून हळू बाहेर" याचं "श्वास रोखून धरा" होतं, पुढं कुणीतरी कपालभातीच घालतं. दमा असलेल्या मुलाला रोखून धरणं आणि फिट येणाऱ्या मुलाला जोरजोरात श्वास घेणं, दोन्ही धोक्याचं. चार आकडे म्हणेपर्यंत आत, सहा म्हणेपर्यंत बाहेर, मध्ये थांबायचं नाही, त्रास वाटला तर सोडून द्यायचं. मुलांना एवढंच सांगा.

डोळे मिटायची सक्ती कधीच नको. पूर, अपघात, घरातली मारहाण बघितलेल्या मुलाला डोळे मिटले की तेच दिसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-दूधगंगेच्या पाण्यात घरं गेलेल्या गावांत हे आधी ध्यानात ठेवा. "समोरच्या फरशीवर एक ठिपका निवडा आणि त्याच्याकडं बघा" हे पुरतं. एखादं पोर थरथरायला लागलं, रडायला लागलं तर सराव थांबवून त्याला उभं करायचं, पाणी द्यायचं, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं सांगायला लावायची. "अजून खोल श्वास घे" म्हणायचं नाही.

खानापूर भागासाठी एक. जुलैत पत्र्याच्या छपरावर पाऊस सुरू झाला की शिक्षकाचा आवाज दुसऱ्या ओळीपर्यंत पोचत नाही आणि घंटेचा नाद ऐकायचा सराव तर बादच होतो. फरशी ओली, जमखाना ओला, पोरं खाली बसत नाहीत. तिथं बोटांचा सराव घ्या. डावा पंजा पसरायचा, उजव्या हाताच्या तर्जनीनं अंगठ्याच्या बुडापासून कड गिरवत वर जायचं तेव्हा श्वास आत, उतरायचं तेव्हा बाहेर. पाच बोटं झाली की पाच श्वास झाले. उभ्यानं होतं, बाकावर होतं, आवाज लागत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना एक हात पुरतो, सातवीला दोन्ही. पोटभर जेवण झाल्यावर लगेच घेऊ नका, अर्धा वर्ग झोपतो.

मलप्रभाकाठ

बोटांचं आवडलं. पण मूळ प्रश्न राहतोच, हा सराव सगळ्यांना द्यायचाच कशाला? ब्रिटनमध्ये ८० हून जास्त शाळांत, ११ ते १४ वयाच्या ८ हजारांवर मुलांवर सजगतेच्या, म्हणजे माइंडफुलनेसच्या, तासाची मोठी चाचणी झाली. २०२२ साली निकाल आला. नेहमीच्या जीवनकौशल्याच्या तासापेक्षा मुलांना जास्त फायदा दिसला नाही. बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. एवढा पैसा, इतके प्रशिक्षित शिक्षक असून. आपण ते ओढत पन्नास शाळांत नेणार?

सीमाभाग_शिक्षण

ती चाचणी मान्य. म्हणून श्वासाला कार्यक्रमाचा कणा करायचा नाही, ते वर्ग स्थिर व्हायला पाच मिनिटं. त्याच चाचणीत शाळेचं वातावरण थोडं सुधारलं आणि शिक्षकांचा थकवा थोडा कमी झाला असंही निघालं होतं, तेही विसरू नका. वजन पेटीवर आणि गप्पांच्या तासावर ठेवायचं, हे मी पहिल्याच पोस्टमध्ये नीट लिहायला हवं होतं.

चिक्कोडी_क्लस्टर

वेळापत्रकाकडं कुणी बघितलेलं नाही म्हणून लिहितो. जून सेतुबंधात, म्हणजे मागच्या इयत्तेच्या उजळणीत जातो. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर दहा-अकरा आठवडे मिळतात, त्यातनं पावसाच्या सुट्ट्या वजा करा. मग दसऱ्याची सुट्टी. नोव्हेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत दहा आठवडे, त्यातही क्रीडा स्पर्धा आणि प्रतिभा कारंजी, म्हणजे शाळांच्या कलास्पर्धा. पुढं दहावीच्या वर्गाला कुणी हात लावू देत नाही. हाती १७-१८ आठवडे येतात. केंद्राच्या शाळा आरोग्य कार्यक्रमाच्या आराखड्यात २४ आठवडे धरलेत. म्हणून १६ तासांचाच क्रम बांधा आणि कुठले आठ तास गाळायचे ते आधीच ठरवा, नाहीतर प्रत्येक शाळा आपल्या सोयीनं अवघड तासच गाळते. शरीरातले बदल आणि सुरक्षितता हे दोन तर हमखास जातात.

भाषेचं. प्रशिक्षण आणि पुस्तिका कन्नडमध्ये येतात, ते साहजिक आहे. आमच्या शिक्षकांना कन्नड समजतं, त्यात भांडण नाही. पण वर्गात बोलायचे शब्द मराठी पोरांचे पाहिजेत. पुस्तिकेवरून शब्दाला शब्द ठेवला की "मानसिक ताणतणावाचे व्यवस्थापन" होतं. पोरं म्हणतात "टेन्शन आलंय", "जीव घाबराघुबरा होतोय", "पोटात कालवतंय", "डोकं गरम झालंय". "तुला ताण आहे का" विचारलं तर मान हलवून नाही म्हणतात, "पोटात कालवतंय काय" विचारलं तर तिघं हात वर करतात. मराठी शिक्षकांनी दोन बैठकांत असे चाळीस-पन्नास शब्द जमवून एक पान करावं. बाकी पुस्तिकेपेक्षा तेच पान जास्त वापरात राहील.

पालक_शहापूर

एक विचारू? ओम म्हणायला लावणार काय? आमच्या गल्लीत सगळ्या धर्मांची मुलं एकाच शाळेत आहेत, एकानं हरकत घेतली की सगळंच बंद पडेल.

समुपदेशन_वडगाव

नाही. संपूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण नको हे घटनेच्या २८ व्या कलमातच आहे. मंत्र, मुद्रा, नमस्कार, फोटो काहीच नको. एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, पहिल्याच बैठकीत पाच मिनिटांचा सराव पालकांकडून करून घ्या, बोटांचाच. बघितल्यावर शंका राहत नाहीत. आणि ज्याला करायचं नाही त्या मुलाला चित्र काढू द्या, बाहेर काढू नका.

मलप्रभाकाठ

सीमाभाग_शिक्षण, तुम्ही वजन पेटीवर ठेवलंत म्हणून विचारतो. पन्नास शाळांत पेट्या लावल्या आणि माणसं दोनातल्या एकाच शाळेत पोचली, तर पेटीतल्या चिठ्ठीचं काय? "काका घरी आले की मला भीती वाटते" अशी चिठ्ठी वीस दिवस आत पडून राहिली तर? मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

समुपदेशन_वडगाव

भीती खरी आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानं पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास २१ व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. "घरचं प्रकरण आहे, मिटवून घेऊ" हे मुख्याध्यापकांनाही करता येत नाही. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारायचं नाही, त्यानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कळवायचं. म्हणून गप्पांच्या पहिल्या तासातच मुलांना सांगा, "तुझं बोलणं मी कुणाला सांगणार नाही, पण तुला कुणी इजा करत असेल तर मदतीला माणूस बोलवावा लागेल." सरसकट गुपिताचं वचन देऊ नका, ते मोडावं लागतं.

इतर त्रासांसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, भाषा निवडता येते. मुलासमोर लावण्याआधी शिक्षकानं एकदा स्वतः लावून मराठी बोलणारं कुणी मिळतं का ते बघून ठेवावं. पुढं तालुका रुग्णालय, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक, गंभीर असेल तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था. चिठ्ठी देऊन पाठवलं म्हणजे काम झालं असं धरू नका. मूल पोचलं का, पालकांचा एक दिवसाचा रोजगार बुडाला का, दुसऱ्यांदा गेलं का, हे विचारणारं माणूस लागतं. शाळेचं यश मोजायचंच तर "किती पाठवले" न मोजता "किती पोचले" ते मोजा.

निपाणी_हायस्कूल

पेटीबद्दल अजून. ती ऑफिसच्या दाराशी लावू नका, तिथं चिठ्ठी टाकताना सगळे बघतात. पाण्याच्या टाकीकडच्या भिंतीला लावा, तिथं सगळेच जातात. किल्ली मुख्याध्यापकांकडं नको. दोन किल्ल्या, दोन माणसं, एक बाहेरची. आणि अक्षर ओळखून पोराला बोलावून घेतलं की पेटी मेली, परत कुणी टाकत नाही. बघा, मी विरोधातच आहे, पण करणार असाल तर हे तरी करा.

सीमाभाग_शिक्षण

माझी मांडणी बदलतो. पन्नास शाळांचा आकडा मागे घेतो. दोन माणसं तयार झाली तर दोन क्लस्टर, म्हणजे मैदानी भागात २४ शाळा. खानापूरच्या रानातल्या शाळा त्यात धरायच्या नाहीत, त्यांना तिसरं माणूस मिळेपर्यंत बोटांचा सराव आणि शब्दांचं पान द्यायचं. पेटी द्यायची नाही.

मलप्रभाकाठ

२४ चालेल, पण एक अट घाला. सलग दोन आठवडे पेटी उघडायला कुणी गेलं नाही तर ती पेटी उतरवायची आणि मुलांना वर्गात सांगायचं की ती का उतरवली. आणि रानातल्या शाळांना शेवटी ठेवायला माझा विरोध आहे. तिसरं माणूस मिळालं की पहिलं कणकुंबीकडंच पाठवा.

चिक्कोडी_क्लस्टर

शब्दांच्या पानाचं काम मी घेतो. ज्यांच्याकडं वर्गात ऐकलेले शब्द आहेत त्यांनी इथंच खाली टाका, मुलाचं नाव आणि शाळा न लिहिता. इयत्ता तेवढी लिहा.