कोणार्कला एकच सकाळ आहे, काय काय बघू?

रानवारा: डिसेंबरात आईला घेऊन पुरीला चाललेय. कोणार्कला जेमतेम एक सकाळ मिळेल. आईचे गुडघे दुखतात, चढउतार नको. सूर्यमंदिराच्या दगडी चाकासमोर फोटो काढण्यापलीकडे काय बघायचं? आत जाता येतं का?

दगडधोंडे: आत जायचं विसरा. मुख्य देऊळ १९ व्या शतकापर्यंत पार ढासळलं. आज उंच दिसतो तो जगमोहन, म्हणजे पुढचा सभामंडप. तोही कोसळू नये म्हणून इंग्रजांनी १९०३ मध्ये आत वाळू भरून दारं चिणून टाकली.

आधी जोत्याशी वाका. लोक चाकं बघतात आणि त्यांच्या खालची हत्तींची रांग सोडून पुढे जातात! रानटी हत्ती पकडण्याचे प्रसंगसुद्धा आहेत त्यात. दक्षिणेकडे एक जिराफ शोधा. १३ व्या शतकात ओडिशाच्या कारागिराला जिराफ कुठून माहीत? समुद्री व्यापारातूनच, दुसरं काय. हे सगळं उभ्याउभ्या दिसतं, आईंना त्रास नाही.

मग दगड बघा. बहुतेक बांधकाम खोंडालाइटचं. खाऱ्या वाऱ्याने त्यावरचे चेहरे पार झिजलेत. जगमोहनाच्या पूर्व दाराची चौकट मात्र हिरवट क्लोराइटची, वेलबुट्टी अजून धारदार. सूर्याच्या तीन मोठ्या मूर्तीही त्याच दगडाच्या. पायात चक्क उंच बूट! उत्तरेकडचा सूर्य घोड्यावर बसलाय. तिथे पायऱ्या आहेत, आईंना सावलीत बसवून तुम्ही एकट्याच जाऊन या.

खडीसाखर: चाकाच्या सावलीवरून वेळ सांगतात ते खरं का?

दगडधोंडे: गाइड आसावर बोट धरून दाखवतो, गंमत म्हणून बघा. पण २४ पैकी निम्मी चाकं उत्तरेला. डिसेंबरात तिथे ऊन पडत नाही, मग घड्याळ कसलं? त्यापेक्षा आऱ्यांवरची गोल पदकं बघा, त्यांत बारीक आकृत्या आहेत. आठ आरे जाड, आठ बारीक.

गोदाकाठ: पुरीला जगन्नाथ मंदिराच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ चुकवू नका. तो मूळचा कोणार्कचा. ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होतं तेव्हा, १८ व्या शतकात, तो पुरीला नेला. टोकावर सूर्याचा सारथी अरुण आहे. आपल्या माणसांची करणी म्हणून तरी मान वर करून बघाच.

रानवारा: आभार! आई विचारतेय, कुठे फूल वाहायला मिळेल का?

दगडधोंडे: मिळेल की. जगमोहनाच्या दारावरची नवग्रहांची शिळा आता आवारातच वेगळी ठेवलीये, तिची पूजा होते. फुलं बाहेरूनच घेऊन जा.