छोट्या डिझेल गाडीचं ऑइल-फिल्टर घरी बदलावं का? माझं मत: बदलावंच

तापीकाठ (चोपडा)
वॉरंटी संपलेली छोटी डिझेल गाडी असेल तर इंजिन ऑइल आणि फिल्टर मालकानं स्वतः बदलावं, असं माझं ठाम मत आहे. हे पैशासाठी नाही. मजुरीचे दोन-तीनशे वाचून कोणी मोठा होत नाही. आत काय गेलं ते आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढंच.

आपल्या भागात स्विफ्ट, रिट्झ, डिझायर, व्हिस्टा अजून भरपूर फिरतात. यांच्या बहुतेक डिझेल गाड्यांत तेच १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे आहे ती गाडी टिकवणं एवढंच हातात आहे. या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, साखळी आहे. ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी पडलं किंवा काजळीनं घट्ट झालं की साखळी झिजते, सैल पडते. ती दात सोडून सरकली तर पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो आणि अख्खं हेड खोलावं लागतं. इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या टर्बोचा दांडाही याच ऑइलच्या पातळ थरावर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो.

आणि फिल्टर? तो प्लास्टिकच्या टोपणाखाली, कागदी एलिमेंट. बाहेरून काही कळत नाही. टोपण पुसून दिलं तरी बिलात ‘फिल्टर बदलला’ लिहिता येतं.

पांझराकाठचा मिस्तरी (धुळे)
भो, तुम्हनं म्हननं अर्धं खरं शे. फसवणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण त्यासाठी प्रत्येकानं गाडीखाली शिरावं हे मला पटत नाही. घरी बदलून झालेल्या गाड्या शेवटी माझ्याकडेच येतात. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, बोल्टचे आटे गेलेले, कारण लांब दांड्याचा पाना घेऊन जीव खाऊन आवळलेला. बोल्ट लोखंडी आणि चेंबर अॅल्युमिनियमचं असेल तर आधी आटे चेंबरचेच जातात. टोपणाची जुनी रबरी रिंग तशीच ठेवून वर नवी चढवलेली, मग रस्त्यात सगळं ऑइल बाहेर. हाताला अंदाज यायला वर्षं जातात, भाऊ.

तापीकाठ
मिस्तरी दादा, अंदाज नसेल त्यानं टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, वापरावा. किती आवळायचं ते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकड्यात दिलेलं असतं. जुनी रिंग काढून नवीला थोडं ऑइल लावायचं, बोल्टला नवं वॉशर घालायचं. हे शिकण्यासारखं काम आहे.

केळीबाग (रावेर)
मी स्वतःच करतो. एक मात्र सांगतो, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. इथं ५डब्ल्यू-३० ग्रेडचं पातळ ऑइल म्हणजे पाणीच. मी ट्रॅक्टरचं जाड ऑइल घालतो, इंजिन शांत चालतं.

तापीकाठ
दादा, इथं मी तुमच्या विरुद्ध आहे. बाहेर ४५ असो की १५, थर्मोस्टॅटमुळे चालत्या इंजिनाचं तापमान जवळपास ठरलेलं राहतं आणि ऑइल शंभर अंशांच्या आसपास तापतं. ५डब्ल्यू-३० मधला ‘३०’ आकडा त्या शंभर अंशांच्या जाडीचाच आहे. जाड ऑइल सकाळी सुरू करताना टेन्शनरपर्यंत आणि टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, आणि सगळ्यात जास्त झीज तेव्हाच होते. आवाज दबला म्हणजे इंजिन सुखी झालं असं नाही. गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड लिहिलाय तोच घाला.

भुसावळकर
ग्रेडचा विषय निघालाय तर बीएस-६ डिझेलवाल्यांनी नीट वाचा. एक्झॉस्टमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर कमी राखेचं ऑइलच लागतं. काजळी डीपीएफमध्ये जळून जाते, ऑइलची राख जळत नाही. ती साचत जाते आणि तो महागडा भाग चोंदतो. शिवाय डीपीएफ साफ करताना जादा डिझेल सोडलं जातं, त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. म्हणून या गाड्यांत ऑइल मोजायच्या पट्टीवर पातळी वाढलेली दिसली तरी काळजी करायची. अशी गाडी घरी उघडू नये, निदान वॉरंटी असेपर्यंत तरी नाही.

आगारातला जुना माणूस (जळगाव)
मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवलं. मिस्तरींच्या बाजूनं बोलतो, पण कारण वेगळं आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली माणसानं जायचं नाही. कधीच नाही. डिकीतला जॅक स्टेपनी बदलायला असतो. गाडी टेकवायला लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) हव्यात, जमीन पक्की हवी, मागच्या चाकांना दगड हवेत. आपली काळी माती वरून कडक दिसते आणि वजन आलं की खचते. शेतात, खळ्यावर हे काम करू नका.

दुसरं, जास्त ऑइल भरू नका. या १२४८ सीसीच्या इंजिनाला फिल्टरसकट तीन लिटरच्या आसपास लागतं आणि डबा मिळतो साडेतीनचा. ‘उरलंय तर ओतून टाकू’ म्हणणारे मी पाहिले आहेत. पातळी फार वर गेली की ऑइल इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदर) टर्बोकडे ओढलं जातं आणि डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटू शकतं. मग चावी काढली तरी थांबत नाही. सपाट जागेवर उभी करून भरा, थोडा वेळ चालवा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, मग पट्टी बघा.

अमळनेरची मी
आणि निघालेलं काळं ऑइल? त्यावर इथं अजून एकजण बोललेला नाही. आमच्या गल्लीत ते थेट गटारीत जातं. गावाकडे गोठ्याच्या लाकडांना वाळवीसाठी फासतात, बांधावर ओततात. त्यात काजळी आहे, झिजलेल्या धातूचा चुरा आहे. ते विहिरीच्या पाण्यात उतरलं तर परत काढता येत नाही. कायद्यानंही वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरलंय. घरी बदलणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं, मग साखळीचं सांगावं.

तापीकाठ
ताई, प्रश्न रास्त आहे. मी झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवर नेऊन देतो, तिथून ते पुनर्प्रक्रियेवाल्यांकडे जातं. जुना एलिमेंट निथळून, पिशवीत बांधून सोबत. आगारातल्या काकांच्या घोड्या आणि पक्की जमीनही शंभर टक्के मान्य. पण म्हणून काम सोडून द्यायचं, हे मान्य नाही.

पांझराकाठचा मिस्तरी
म्हणजे काम तुमचं आणि कचरा आमचा. द्या, घेतो, गटारीत जाण्यापेक्षा बरं. पण मग सरळ असं का नाही करत? ऑइलचा सीलबंद डबा आणि फिल्टर तुम्ही आणा, गाडी पिटवर (खाली उभं राहून काम करायच्या खड्ड्यावर) घ्या, माझ्या बाजूला उभे राहा, जुना एलिमेंट हातात मागून घ्या. डबा तुमच्यासमोर फोडतो. जो मिस्तरी नाही म्हणेल, त्याच्याकडे परत जाऊ नका.

केळीबाग
हे पटतं. पण गावात पिटही नाही आणि असा मिस्तरीही नाही. रावेरहून धुळ्याला ऑइल बदलायला यायचं का? मी घरीच करणार. ग्रेडचं मात्र पुस्तकात बघतो.