पाणबुडीच्या दाबकवचाला फायबर चालेल का?

प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत माझे फायबरच्या टाक्या बनवण्याचे छोटे वर्कशॉप आहे. एक माणूस बसेल एवढी पाणबुडी बांधावी आणि रीतसर परवानगी मिळाल्यास उजनीच्या जलाशयात ती 20 मीटरपर्यंत उतरवावी, असा बेत आहे. कवच 1.2 मीटर व्यासाचे, 3 मीटर लांब आणि 12 मिलिमीटर जाड धरले आहे. त्या खोलीवर पाण्याचा जादा दाब सुमारे 2 बार असतो, म्हणजे भिंतीत चौरस मिलिमीटरला 10 न्यूटन ताण येतो, आणि आमचे मॅट-रोव्हिंगचे (काचेच्या धाग्यांचे पट आणि विणलेले कापड) थर याच्या दहापट ताण सोसतात. मग लोखंड, वेल्डिंग आणि गंज यांच्या मागे कशाला लागावे?

उत्तर १

आपला हिशेब चुकलेला नाही, पण तो अर्धाच आहे. टाकीत पाणी आतून बाहेर रेटते, त्यामुळे धागे ताणले जातात आणि भिंत गोलच राहते. पाणबुडीत दाब बाहेरून येतो, तेव्हा भिंत चिरडण्याच्या कितीतरी आधी नळी आत चेपते. हे चेपणे ताकदीपेक्षा ताठपणावर आणि जाडीवर ठरते. आपल्या थरांचा ताठपणा 10 गिगापास्कल धरून मी हिशेब केला, तर आतून आधाराच्या कड्या नसलेली ही नळी सुमारे 10 मीटर खोलीलाच चेपते, आणि तेही ती तंतोतंत गोल असेल तर. पोलादाचा ताठपणा याच्या सुमारे वीसपट आहे.

शिवाय आपण सोलापूरकर. सूत ओढले की भार घेते आणि ढकलले की दुमडते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. कवचात धाग्याला दुमडू न देण्याचे काम रेझिन, म्हणजे धागे चिकटवून घट्ट होणारे रसायन, करते, आणि जिथे रेझिन पोचले नाही तिथे ते काम कोणीच करत नाही.

उत्तर २

18 जून 2023 रोजी टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना फुटलेल्या ‘टायटन’ या पाणबुडीचे नळकांडे सुमारे 127 मिलिमीटर जाड कार्बन फायबरचे होते. त्यात पाच जण मरण पावले. अमेरिकी तपासात कवचात सुरकुत्या, पोकळ्या आणि थर सुटल्याच्या खुणा आढळल्या. आधीच्या वर्षीच्या एका फेरीनंतर मोठा आवाजही ऐकू आला होता. टायटॅनिकचे अवशेष सुमारे 3,800 मीटर खोल आहेत, आपली खोली 20. पण दोष आत दडून राहतो आणि प्रत्येक बुडीगणिक वाढतो, हे दोन्हीकडे सारखेच. भारताच्या ‘मत्स्य 6000’ या खोल समुद्रात जाणाऱ्या पाणबुडीचा माणसे बसणारा गोल टायटॅनियम मिश्रधातूचा ठरवला गेला, तो उगाच नव्हे.

उत्तर ३

मीही याच धंद्यात आहे. मे महिन्यात दुपारी रेझिन घट्ट करणारे कोबाल्ट आणि हार्डनर नेहमीच्या मापाने टाकले, तर रोलर फिरवून होण्याआधीच डब्यातले रेझिन जेलीसारखे होते आणि मॅटमधली हवा आतच राहते. टाकीला ते खपते. कवच पोलादी, आतून कड्या घातलेले करा. फायबर बाहेरच्या आवरणाला वापरा, जिथे आत-बाहेर पाणीच असल्याने दाबाचा प्रश्न येत नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. काल एक जुनी टाकी ग्राइंडरने कापून पाहिली. तळाजवळ दोन थरांमध्ये माझे नखच नव्हे, पोस्टकार्डसुद्धा शिरले. लोखंडाचे दर काढायला घेतले आहेत.