मुंबई–नागपूर : घरापासून घरापर्यंत तुम्हाला किती वेळ लागतो?

तिकिटावर दीड तास. सरळ रेषेत अंतर 700 किमीच्या आतच. पण मागच्या शनिवारी डोंबिवलीहून पहाटे 4 ला निघाले, ती मनीषनगरला मावशीच्या दारात 10 ला. विमान पाऊण तास उशिरा सुटलं, मग पट्ट्यावर बॅगेची वाट. सहा तासांत हवेत होते जेमतेम सव्वा तास! तुमचे अनुभव येऊ द्या, उलट्या दिशेचेही.

सोनेगावचा भाऊ
बाप्पा, जाताना काहीच नाही, येतानाची गंमत ऐका. मी महिन्यातून दोनदा जाऊन-येऊन राहतो. नागपूरहून वेळेत उडालो, अन् मुंबईत उतरायला नंबरच नाही. पायलट गोल गोल फिरवून राहिला. खालचं एकच धरण तीनदा पाहिलं. शेजारचे काका म्हणे, "काऊन, परत घरी नेते का?"

वाऱ्यावरची
नोकरी याच क्षेत्रातली, म्हणून थोडं सांगते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि रांग लागते. तिकिटावरची वेळ नुसती उडण्याची नसते. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, दुसरीकडे जागेवर लागलं की बंद. शिवाय हिवाळ्यात वर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. नागपूरला जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. भाऊ, तुमचं धरण सोडलं तरी येताना दहा-पंधरा मिनिटं जास्तच जातात.

ठाण्याची गाडी
आम्ही विमान सोडलं. जून 2025 मध्ये समृद्धी आमण्यापर्यंत पूर्ण सुरू झाला. नागपूरपर्यंत 701 किमी, म्हणजे विमानाच्या सरळ रेषेपेक्षा फार जास्त नाहीच. रेल्वेने 837 पडतात. आठ तास म्हणतात. आम्हाला साडेनऊ लागले, कारण मागे तीन वर्षांचा मुलगा. इगतपुरीजवळचा जवळपास 8 किमीचा बोगदा संपेपर्यंत तो "बाहेर कधी?" विचारत होता. सरळ रस्त्यावर डोळा लागायची भीती मात्र खरी. टायर तपासल्याशिवाय निघू नका.

हिवाळी
डिसेंबरात अधिवेशनाच्या दिवसांत तिकीट काढून बघा. मग अंतर आठवत नाही, भाडंच आठवतं.

टपालवाल्यांची नात
आजोबा नागपूरला डाक खात्यात होते. 1949 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारी दिशांची विमानं मध्यरात्रीनंतर नागपुरात जमायची, टपालाच्या थैल्या बदलायची आणि सकाळपर्यंत आपापल्या गावी परतायची. शहर देशाच्या मधोमध, म्हणून हा मान. आजोबांना झोप लागायची ती विमानं गेल्यावर. निवृत्तीनंतरही रात्री दोनला उठून बसायचे, आजी वैतागायची.

दशमीवाली
आईचं सगळं आयुष्य विदर्भ एक्सप्रेसमध्ये गेलं. गाडीत रात्र काढायची सवय. पंचाहत्तरीला पहिल्यांदा विमानात बसवलं, तर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडं पिठलं असा दोघींचा दोन वेळचा डबा बरोबर. वर सरबताचा पेला हातात येतो न येतो तोच पट्टे बांधायला सांगितलं. आई खिडकीला नाक लावून विचारते, "भुसावळ गेलं का?" मी म्हटलं, "अगं, नागपूर आलं." तिचा विश्वास बसेना. सामानाच्या पट्ट्यापाशी बाकावर बसली, डबा उघडला आणि म्हणाली, "आधी जेवून घेऊ. घरी पोचलो तर वाया जाईल."