बॅरिस्टर नाथ पै यांचे १९६७ चे घटनादुरुस्ती विधेयक: बरोबर होते का?

वेंगुर्लेकर (मूळ लेख)

बॅरिस्टर नाथ पै यांचे नाव निघाले की आपल्याकडे बोलणे दोनच वाटांनी जाते, एक त्यांच्या वक्तृत्वाची आणि दुसरी कोकण रेल्वेची. दोन्हींविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. त्यामुळे त्यांच्या संसदीय कारकिर्दीतील तिसऱ्या आणि काहीशा अडचणीच्या गोष्टीवर मी येथे मते मागवतो आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९२२ साली वेंगुर्ल्यात जन्म, बेचाळीसच्या चळवळीत सहभाग, लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर, आणि १९५७, १९६२ व १९६७ अशा सलग तीन निवडणुकांत राजापूरचे खासदार. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात ६ विरुद्ध ५ अशा बहुमताने ठरवले की यापुढे संसदेला घटनादुरुस्ती करूनही मूलभूत हक्क काढून घेता येणार नाहीत किंवा त्यांचा संकोच करता येणार नाही. दीड महिन्याच्या आत, एप्रिलमध्ये, नाथ पै यांनी खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक) मांडले. मूलभूत हक्कांसह घटनेतील कोणतीही तरतूद दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे घटनादुरुस्तीविषयीच्या अनुच्छेद ३६८ मध्ये स्पष्ट लिहावे, असे त्यांचे म्हणणे होते. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर वर्षानुवर्षे खल झाला आणि २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत, म्हणजे आपोआप बाद, झाले. त्यानंतर बाविसाव्या दिवशी बेळगावात नाथ पै गेले. वय अवघे ४८.

माझे मत असे की वकिली शिकलेल्या माणसाने संसदेत जाऊन नेमके काय करावे, याचा हा उत्तम नमुना आहे. त्यांचा प्रजा समाजवादी पक्ष विरोधी बाकांवर होता आणि लोकसभेत त्याचे जेमतेम १३ सदस्य होते. सरकार आपले नाही, उद्या येण्याची शक्यताही नाही, अशा स्थितीत जो माणूस संसदेसाठी अधिकार मागतो त्याच्यावर स्वार्थाचा आरोप कसा करणार?

साक्षेपी

स्वार्थाचा आरोप कोणीच करत नाही; आरोप आहे तो भाबडेपणाचा, आणि बॅरिस्टरकडून भाबडेपणाची अपेक्षा नसते. कायद्याचा मसुदा करताना पहिला प्रश्न असा विचारायचा असतो की हा अधिकार उद्या सर्वांत वाईट माणसाच्या हाती पडला तर काय होईल. नाथ पै यांच्यासमोर १९६७ ची संसद होती. अधिकार मिळाला तो १९७१ च्या संसदेला. त्यांचे विधेयक जिथे थांबले तिथूनच इंदिरा गांधींच्या सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती (मूलभूत हक्कांसह घटनेची कोणतीही तरतूद संसदेला बदलता येते, असे सांगणारी) पुढे नेली, आणि त्याच वाटेने आपण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपर्यंत आलो, जिच्यात घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही असे लिहून टाकले होते. गोलकनाथचा बांध राहिला असता तर हे पाणी इतके वर चढले नसते.

मुखत्यार

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, म्हणून आधी शब्द पाहतो. अनुच्छेद १३(२) म्हणतो की मूलभूत हक्क हिरावणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कोणताही ‘कायदा’ राज्याने करू नये. या ‘कायद्या’त घटनादुरुस्ती येते का, एवढाच खरा वाद होता. १९५१ च्या शंकरीप्रसाद खटल्यात न्यायालयाने ‘येत नाही’ म्हटले, सज्जनसिंह खटल्यातही तेच म्हटले, आणि गोलकनाथमध्ये सरन्यायाधीश सुब्बाराव यांनी ‘येते’ म्हटले. त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार तर शीर्षकावर होता: अनुच्छेद ३६८ च्या समासात तेव्हा घटनादुरुस्तीची ‘कार्यपद्धती’ असे शब्द होते, ‘अधिकार’ हा शब्द नव्हता. मग हा अनुच्छेद फक्त रीत सांगतो आणि अधिकार इतर अनुच्छेदांतून शोधावा लागतो, असे ते म्हणाले.

अशा निकालाला विधिमंडळाने द्यायचे उत्तर म्हणजे मसुदा दुरुस्त करणे. न्यायाधीशांवर आग पाखडून काही साधत नाही. जो शब्द नाही म्हणून न्यायालय अडले, तो शब्द घालावा. नाथ पै यांनी तेच केले, आणि पुढे चोविसाव्या दुरुस्तीनेही ३६८ च्या शीर्षकात ‘अधिकार’ हा शब्द आणला. वकील संसदेत गेला की पुष्कळदा निव्वळ वक्ता होऊन जातो. येथे मसुदा करणारा वकील दिसतो, हे मला जास्त मोलाचे वाटते. (सुब्बाराव यांनी निकालानंतर दीड-दोन महिन्यांतच पद सोडून विरोधी पक्षांच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, हे जाता जाता. त्या काळी यावरून कमी धुरळा उडाला नाही.)

कणगी

तुम्ही सगळे दिल्लीतून बोलता आहात. मी राजापूर तालुक्यातून बोलते. माझे पणजोबा खोताचे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचे, कूळ होते. आजी सांगायची की भात झोडून झाले की खळ्यावर आधी खोताचा वाटा मोजून जायचा, आणि उरलेल्यात आपली कणगी किती भरते ते मग बघायचे. ही पद्धत मोडावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९३७ सालीच मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. प्रत्यक्ष कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर. आणि मालमत्ता तेव्हा मूलभूत हक्क असल्याने तो कायदा न्यायालयात अडकू नये म्हणून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववी अनुसूची, म्हणजे अशा आव्हानापासून संरक्षण दिलेल्या कायद्यांची यादी, निर्माण केली. उघडून पाहा: दुसऱ्या क्रमांकावर मुंबईचा १९४८ चा कूळकायदा आहे आणि सहाव्या क्रमांकावर खोती निर्मूलनाचा कायदा आहे. आमच्या सातबाऱ्यावर आमचे नाव आहे ते असल्या घटनादुरुस्त्यांच्या भरवशावर. राजापूरच्या खासदाराला गोलकनाथ निकाल ऐकून काय वाटले असेल, हे समजायला लिंकन्स इनमध्ये जावे लागत नाही.

साक्षेपी

@कणगी, आपल्या आजींच्या खळ्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो की गोलकनाथ निकालाने खोती कायद्याच्या केसालाही धक्का लागला नव्हता. न्यायालयाने तो निकाल भविष्यापुरताच लागू केला; पहिली, चौथी आणि सतरावी दुरुस्ती व तिच्या आधारे झालेल्या जमीन सुधारणा त्याने जशाच्या तशा टिकवल्या. आपल्या जमिनीसाठी न्यायालयात गेलेले खुद्द गोलकनाथ कुटुंबही खटला हरले, हे फार जणांना माहीत नसते. म्हणजे कुळांची जमीन सुरक्षित होती. बंद झाला होता तो पुढे हक्क कापण्याचा रस्ता.

कणगी

भविष्यापुरता लागू केला, म्हणजे ज्यांना जमीन मिळाली त्यांचे ठीक आणि ज्यांना अजून मिळायची होती त्यांनी गप्प बसायचे, असाच ना त्याचा अर्थ? महाराष्ट्रात कमाल जमीनधारणेची मर्यादा पुढे सत्तरीच्या दशकात आणखी खाली आली. ते कायदेही नवव्या अनुसूचीत घालावेच लागले.

वेंगुर्लेकर

साक्षेपी यांच्या ‘वाईट माणसाच्या हाती’ या मुद्द्याला उत्तर देतो, कारण या धाग्यातील तोच सर्वांत वजनदार मुद्दा आहे. १९६७ च्या निवडणुकीत ५२० पैकी काँग्रेसला २८३ जागा मिळाल्या होत्या. घटनादुरुस्तीला उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते, म्हणजे त्या सभागृहात एकट्या सत्ताधारी पक्षाला ते जमणे जवळजवळ अशक्य होते. विरोधकांची मनधरणी केल्यावाचून एक स्वल्पविरामही बदलता आला नसता. नाथ पै अधिकार मागत होते तो अशा संसदेसाठी. १९७१ साली ५१८ पैकी ३५२ जागा एकाच पक्षाला गेल्या आणि अधिकाराचा अर्थच पालटला. हा दोष विधेयकाचा की मतदारांचा?

शिवाय आणीबाणीत हक्क गेले ते अनुच्छेद ३५९ खालील राष्ट्रपतींच्या आदेशाने. तो अनुच्छेद १९५० पासूनच घटनेत होता. गोलकनाथचा बांध शाबूत असता तरी जून १९७५ मध्ये त्याने कोणाची अटक टळली असती? नाथ पै यांच्यानंतर राजापूरहून निवडून आलेले मधू दंडवते तेव्हा बंगळूरच्या तुरुंगात होते.

मुखत्यार

याला एक पुरवणी. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने जनता सरकारने दोन गोष्टी केल्या: मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, आणि आणीबाणीतही अनुच्छेद २० व २१ (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचे संरक्षण आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) निलंबित करता येणार नाहीत असे ठरवले. दुसरी गोष्ट गोलकनाथ असतानाही करता आली असती, पहिली मात्र नाही. तेव्हा दंडवते मंत्रिमंडळात होते.

साक्षेपी

आकड्यांचा मुद्दा चांगला आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. बहुमत चार वर्षांत २८३ वरून ३५२ वर जाऊ शकते, म्हणूनच मसुद्यात कुंपण हवे. आणि कुंपणाची कल्पना तेव्हा नव्हती असेही नाही. सज्जनसिंह खटल्यात न्यायमूर्ती मुधोळकर यांनी, म्हणजे गोलकनाथच्या आधीच, असा प्रश्न विचारून ठेवला होता की घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यात केलेला बदल ही नुसती दुरुस्ती म्हणायची की घटनेचा एखादा भागच नव्याने लिहिणे म्हणायचे. १९७३ साली केशवानंद भारती निकालात ७ विरुद्ध ६ मतांनी हेच सूत्र उभे राहिले: चोविसावी दुरुस्ती वैध, पण घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही. म्हणजे नाथ पै यांचे म्हणणे अर्धे टिकले. उरलेले अर्धे त्यांना १९६७ सालीच लिहिता आले असते. मुधोळकरांचा प्रश्न छापील स्वरूपात उपलब्ध होता.

वेंगुर्लेकर

हे मला मान्य करावे लागते, पण अर्धेच. मुधोळकरांनी प्रश्न विचारला, उत्तर दिले नाही. कुंपण कोठे घालायचे याचे उत्तर १९७३ मध्ये १३ न्यायमूर्तींनाही एकमताने देता आले नाही, आणि चौकटीत नेमके काय येते याचा खल न्यायालयात आजही चालूच आहे. ते १३ सदस्यांच्या पक्षातील एका खासदाराने शुक्रवारच्या दुपारी, खासगी विधेयकांच्या अडीच तासांत, एका वाक्यात बसवायला हवे होते, असे आपले म्हणणे असेल तर ते वाक्य आपण येथे लिहून दाखवा. मग पुढे बोलू.