मशिनिंग सिम्युलेशनमध्ये करिअर: तयारी कशाची करावी?

प्रश्न: मेकॅनिकल, शेवटचं वर्ष. मास्टरकॅम (मशीनचा प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर) येतं, सी++ जेमतेम. मशिनिंग सिम्युलेशनची (कापकाम आधी कॉम्प्युटरवर करून बघायची) सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या कंपनीत जायचंय. काय शिकू?

उत्तर १: आधी बाजू ठरव. व्हेरिकटसारख्यांचा भर मटेरियल किती निघालं, टूल कुठे आदळलं यावर. तिथे भूमिती आणि सी++ लागतं. कटप्रोसारखी सॉफ्टवेअरं कटिंग फोर्स आणि चॅटर (कापताना टूलची होणारी थरथर) काढतात. तिथे व्हायब्रेशन पक्कं हवं.
प्रोजेक्ट म्हणून तीन अ‍ॅक्सिसचा जी-कोड (मशीनला द्यायच्या हालचालींच्या सूचना) वाचणारा पार्सर लिही, स्टॉक (कापायचा कच्चा तुकडा) झेड-मॅपमध्ये, म्हणजे ग्रिडच्या प्रत्येक बिंदूला एकच उंची अशा रूपात ठेव, बॉल एंडमिलने (गोल टोकाच्या टूलने) कापून दाखव. ग्रिड ०.१ मिमीची असली तर उभ्या भिंतीवरची १० मायक्रॉनची चूक निसटते. अंडरकट (वरच्या भागाच्या खाली आत गेलेली खाच) तर झेड-मॅपला दिसतच नाही, त्याला ट्राय-डेक्सेलसारखं (तिन्ही दिशांच्या रेषांवर मटेरियल कुठून कुठे आहे ते साठवणारं) मॉडेल लागतं.

उत्तर २: पार्सर बहुतेकदा जी०२/जी०३ वर (कंसात चालायच्या कोडवर) फसतो. फानुक कंट्रोलरमध्ये आय, जे (कंसाच्या केंद्राचं अंतर) कंसाच्या सुरुवातीपासून मोजतात. हायडेनहाइन कंट्रोलरच्या सीसी कमांडमध्ये सहसा केंद्राचे थेट कोऑर्डिनेट्स देतात.

उत्तर ३: शॉप फ्लोअर टाळू नकोस. स्टीलचा बॉलस्क्रू (मशीनचं टेबल सरकवणारा स्क्रू) ३ अंशांनी तापला तर ५०० मिमीत साधारण १७ मायक्रॉन वाढतो. सिम्युलेशनला हे कळत नाही: स्क्रीनवर सगळं हिरवं, तरी जॉब रिजेक्ट! टूल ऑफसेट (मशीनला सांगितलेलं टूलचं माप) चुकीचा भरला तरी तेच. प्रोबिंग (प्रोब टेकवून जॉब किंवा टूल मोजणं) हाताने करून बघ.